तुळसावहिनींचा गाळा

माझं डोकं लवकर तापतं. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या रिक्षा स्टँडवर कुणालाही विचारा. महेंद्र जाधव म्हटल्यावर आधी हसतील आणि मग सांगतील, त्याच्या नादी लागू नका. मागे बसून ‘भाऊ, इकडून नको, तिकडून घ्या’ म्हणणाऱ्याला मी अर्ध्या रस्त्यात उतरवलेलं आहे. ट्रॅफिकवाल्याशी भांडलोय, खड्ड्यांवरून नगरपरिषदेत जाऊन भांडलोय, एकदा तर रस्ता अडवला म्हणून अख्ख्या वरातीशी भांडलोय. पण एक बाई अशी आहे की तिच्यापुढे माझी बोलती बंद होते. ती म्हणजे माझी थोरली वहिनी, तुळसा राजेंद्र जाधव.

भीती नव्हे ती. काय आहे ते मला आजपर्यंत नीट सांगता आलेलं नाही, म्हणून तर एवढं लांबण लावतोय.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा मी हाफ पँट घालून शाळेत जात होतो. आमचं गाव पालीच्या पुढे, आतल्या अंगाला, आणि गावातली आमची बौद्धवाडी. वाडीत लग्न असो, चौदा एप्रिलची जयंती असो, नाहीतर कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन असो, मोठ्या टोपाशी उभ्या राहणार त्या वहिनीच. मुंबईकर मंडळी न कळवता गाड्या भरून यायची. कारभारी म्हणवणाऱ्या पुरुषांना घाम फुटायचा. वहिनी टोपावरचं झाकण उचलून आत नुसत्या बघायच्या आणि म्हणायच्या, "बसवा पंगत." आणि पुरायचं. कसं पुरायचं ते मला विचारू नका. मी वाढायला असायचो आणि मलाही कधी कळलं नाही.

माझा भाऊ राजेंद्र, वहिनींचा नवरा, मुंबईची नोकरी संपवून गावाला आला आणि फार दिवस राहिला नाही, गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाला सगळ्यांनी वहिनींना सांगितलं, आज तुम्ही बसून राहा. त्या पदर खोचून टोपाशी गेल्या. "वाडीतल्या सगळ्यांच्या माणसांचं मी रांधलं," म्हणाल्या, "माझ्या माणसाचं दुसऱ्या कुणी का रांधायचं?" रडून नाही, भाजी काय आणायची ते सांगावं तसं सांगितलं. मी तेव्हा कांदे चिरत होतो म्हणून माझं निभावलं.

त्यानंतर त्यांची मुलगी दीक्षा त्यांना रत्नागिरीला घेऊन आली. दीक्षा पतसंस्थेत क्लार्क आहे, साळवी स्टॉपला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. आता वहिनींना बसून खायला घालणं म्हणजे शिक्षाच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दीक्षाबरोबर ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी जास्तीचा डबा दिला. मग डबे वाढले. मग शेजारच्या बिल्डिंगमधून मागणी आली. मग सोसायटीतून कुरकुर सुरू झाली, जिन्यात माशाचा वास येतो, गॅसच्या टाक्या फार चढतात, वगैरे. आणि नेमक्या त्याच वेळी मिरजोळे एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या मॅनेजरने कुणाच्या तरी डब्यातलं खाल्लं आणि दीक्षाला फोन केला. सगळ्या कामगारांचं दुपारचं जेवण द्याल का? रोज, कायमचं. अट एकच. फ्लॅटमधून चालणार नाही. धंद्याची जागा हवी, त्या जागेच्या पत्त्यावर फूड लायसन हवं, आणि सगळं पुढच्या एक तारखेच्या आत. नाही जमलं तर दुसरा केटरर दारात उभा आहे.

दीक्षाने आईला समोर बसवून सांगितलं. "हे हुकलं तर फ्लॅटवरचे डबेही बंद करावे लागतील, आई. मग तू गावाला जाणार आणि त्या घरात एकटी भिंतींकडे बघत बसणार."

वहिनी म्हणाल्या, "मग बघूया की जागा."

मला वाटलं सोपं आहे. अहो, डिलिव्हरीचं किचन. गिऱ्हाईक येणार नाही, टेबलं-खुर्च्या नकोत, शोभा नको. पाणी हवं, सांडपाण्याला वाट हवी, धूर बाहेर टाकायला चिमणी हवी, थ्री फेज लाईट हवी आणि दारात माझी रिक्षा वळायला हवी. रत्नागिरीत गाळे काय कमी आहेत? अर्ध्या बिल्डिंगांचे खालचे गाळे शटर ओढून पडलेत. मी म्हटलं, दोन दिवसांत ठरवून टाकतो.

पहिला गाळा कुवारबावला. नवी बिल्डिंग, मागच्या बाजूला गाळा, लाद्या बसवलेल्या, नळाला धो धो पाणी. मालक गोड माणूस. बोलता बोलता त्याने विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

"जाधव," दीक्षा म्हणाली.

"कुठले जाधव?"

बाहेरच्या माणसाला यात काही कळायचं नाही. आमच्याकडे जाधव सगळ्यांत आहेत, आडनावावरून काही म्हणजे काही समजत नाही. म्हणून लोक गाव विचारतात, आणि गावावरूनही नाही समजलं की वाडी विचारतात. वाडी कळली की सगळं कळलं. दीक्षाला हे पक्कं माहीत. ती म्हणाली, "पालीकडचे," आणि पाण्याच्या टाकीचा विषय काढला. मालक टाकीकडे वळला, तेवढ्यात मागून वहिनी म्हणाल्या, "पालीच्या पुढे आमचं गाव. बौद्धवाडीतली आम्ही."

"हो का? छान, छान," मालक म्हणाला.

मग वहिनींनी कापडी पिशवीतून डबा काढला. मला माहीतही नव्हतं पिशवीत डबा आहे. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी. कट्ट्यावर ठेवला, झाकण उघडलं. "वायच खाऊन बघा," म्हणाल्या. मालक म्हणाला, वास काय सुंदर येतोय हो, पण आमच्याकडे मासे नाही खात. वहिनींनी मान डोलावली, झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला. बाहेर आल्यावर रिक्षात बसता बसता म्हणाल्या, "जागा चांगली हाय. आपल्याला नको."

दीक्षाने विचारलं, "का?"

"दुसरी बघूया."

मी आरशातून वहिनींचं तोंड बघितलं. काही पत्ता लागत नव्हता. दीक्षा मात्र रस्ताभर बोलत होती. "आई, या धंद्यात एकच गोष्ट चांगली आहे. कोण रांधतंय ते कुणाला दिसत नाही. लोक फोनवर बटण दाबतात आणि जेवतात. तू सगळीकडे आपली वाडी सांगत फिरलीस तर कसं व्हायचं?"

"तेच तर," वहिनी म्हणाल्या, आणि रिक्षाबाहेर बघत बसल्या.

पुढचे गाळे बघताना हीच तऱ्हा. कुठे गेलो की वहिनी आधी सगळं नीट बघायच्या, नळ सोडून बघायच्या, मोरीत बादली ओतून पाणी कुठे जातं ते बघायच्या. मग गाव आणि वाडी सांगायच्या, कुणी विचारो न विचारो. आणि मग डबा उघडायच्या. पहिला माणूस मासे खात नाही म्हणाला म्हणून दुसऱ्या दिवसापासून डब्यात काळ्या वाटाण्याची उसळ आणि घावणे आले. एक म्हणाला आत्ताच जेवून उठलो. एक म्हणाला ठेवा, घरी नेऊन खातो. एका बाईने तर डबा हातात घेतला, तारीफ केली, आणि परत वहिनींच्याच हातात दिला. दरवेळी वहिनींचं तेच वाक्य. जागा चांगली हाय, आपल्याला नको.

आता माझं टाळकं सरकायला लागलं होतं. मी स्टँडवर पॅसेंजर सोडून यांना फिरवतोय आणि या गाळा बघायला जातात की पाहुणचार करायला? मला वाटलं, ही गावची सवय. वाडीत ज्याच्या अंगणात चूल मांडायची त्याला पहिली वाटी द्यायची असते, तसलं काहीतरी वहिनींच्या डोक्यात असणार. आणि कुणी वाटी घेतली नाही की त्यांना अपशकुन वाटत असणार. मी दीक्षाला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "काका, आपण बौद्ध माणसं, अपशकुन कसला?" म्हटलं, मग तूच सांग कसला. तिलाही सांगता येईना.

नाचणे रोडचा गाळा बघायला गेलो तो गुरुवार होता. मालक रिटायर्ड माणूस, अंगणात पेपर वाचत बसलेला. जागा खरोखर नंबरी होती. वहिनींनी वाडी सांगितली, डबा उघडला. तो म्हणाला, "अरे वा, काळे वाटाणे. पण माझा आज गुरुवारचा उपास."

वहिनी म्हणाल्या, "बरं." रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, "महेंद्र, घरी चल. मग परत इथेच यायचं."

मी रिक्षा वळवली. घरी जाऊन त्यांनी वरीचे तांदूळ शिजवले, दाण्याची आमटी केली, गरम गरम डब्यात भरली, आणि आम्ही परत नाचणे रोडला. मालक अजून पेपरच वाचत होता. वहिनींनी डबा त्याच्यापुढे उघडला. "उपासाचं हाय," म्हणाल्या.

तो माणूस डब्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "शेंगदाण्याने मला पित्त होतं हो."

रिक्षा चालू करता करता माझा स्फोट झाला. "वहिनी, आता पुरे. त्या माणसाला उपास नाय, पित्त नाय, काय नाय. तुम्ही उद्या त्याच्यासाठी नुसतं पाणी नेलंत तरी त्याला सर्दी होईल. त्याला तुमच्या हातचं..." आणि तिथे माझी जीभ अडकली. पुढचा शब्द तोंडातून बाहेर येईना.

मागून शांत आवाज आला. "मग इतके दिवस मी काय बघत होते, महेंद्र? भिंती?"

मी रिक्षा बाजूला घेतली. मला वळून बघवेना. वहिनी बोलत होत्या, तशाच, हिशोबी आवाजात. "उद्या आपण धंदा मांडला आणि शेजारचा कुणी कुरकुरला, की इथलं बंद करा, तर मालक काय सांगणार? ज्याने आपलं खाल्लंय तो म्हणेल, मी जेवलोय, मला काय झालं नाय. ज्याने खाल्लं नाय तो कुणाच्या बाजूने बोलेल? लाद्या, नळ सगळीकडे सारखेच. माणूस कसा हाय ते दुसरं कशावरून बघायचं?"

म्हणजे बघा. या बाईला ठाऊक होतं काय होणार आहे. रोज सकाळी उठून, चांगलं चुंगलं रांधून, पिशवीत घालून, त्या स्वतः नकार मागायला जात होत्या. आणि समोरच्याने शाकाहार सांगितला की शाकाहारी, उपास सांगितला की उपासाचं, असं एकेक कारण त्याच्या हातातून काढून घेत होत्या. का? तर त्याचंच चुकून काही खरं असलं तर त्याच्यावर अन्याय नको. मला स्टँडवर कुणी चहाला बोलावलं नाही तरी मी आठवडाभर धुमसतो. मी हँडल धरून तसाच बसलो.

महिना संपत आला. दीक्षाने पतसंस्थेतून रजा घेतली, फोन करून करून तिचा घसा बसला. आणि मग कुवारबाववाल्या पहिल्या मालकाचाच फोन आला. त्याचा गाळा तसाच पडून होता. तो म्हणाला, देतो तुम्हाला, भाडंही थोडं कमी करतो, माझी काही हरकत नाही हो, आपण तसले नाही. फक्त बाहेर बोर्ड लावू नका. आणि नाव काहीतरी कंपनीसारखं ठेवा, इंग्रजीत. लोकांना काय, चव पाहिजे.

दीक्षाने फोन ठेवला आणि आईसमोर हात जोडले. "आई, एक तारीख चार दिवसांवर आली. तुला गाळा हवाय की लोकांना सुधारायचंय?"

मला वाटलं वहिनी चिडतील. त्या तिच्याजवळ जाऊन बसल्या. "मला लोकांशी काय करायचंय गो. मला चूल हवी. पण माझ्या नावाची. तुझी आजी गावात लग्नकार्याला लाकडं फोडायला जायची, आणि जेवायला तिला लांब, गोठ्यापाशी बसवायचे. वरून टाकायचे पानात. ती कधी लपली नाय. उघड्यावर बसून जेवली आणि उघड्यावर लाकडं फोडली. आता मी चांगली शिकल्यासवरल्या लेकीची आई, आणि मी मागच्या दाराने, नाव लपवून रांधू?"

दीक्षा रडली. मी उठून गॅलरीत गेलो. थोड्या वेळाने आत आलो तर वहिनी मला म्हणाल्या, "तुझ्या बघण्यात अजून कुठे हाय काय रे?"

एक जागा होती. पण ती मी सांगितली नव्हती, कारण ती जागाच नव्हती. भाट्ये पूल ओलांडून पूर्णगडच्या रस्त्याला लागलं की रस्त्याला अगदी खेटून एक पत्र्याची शेड आहे. गुणाजी नावाच्या पूर्णगडच्या खलाशाची. पूर्वी त्यात जाळी आणि बर्फाच्या पेट्या असायच्या. होडी विकली, मुलं मुंबईला गेली, बायको वारली, आता म्हातारा एकटाच शेडच्या मागच्या खोलीत राहतो आणि दिवसभर दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसतो. आम्ही पोचलो तेव्हाही तेच.

"रिक्षा बाजूला घे, मेल्या. वारा अडवलास माझा."

मी उत्तर देणार होतो, वहिनींनी माझ्याकडे बघितलं, मी रिक्षा बाजूला घेतली.

शेड बघून दीक्षाचा चेहरा पडला. जमीन खडबडीत कोब्याची, लाईट साधी, भिंतींवर मिठाचे पोपडे. पुढचं शटर मात्र लांबरुंद, उघडलं की आतलं सगळं रस्त्यावरून दिसेल असं. वहिनींनी नळ सोडून बघितला, मोरी बघितली. मग गुणाजीसमोर उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखं सांगितलं. जेवण बनवायचा धंदा आहे, मी तुळसा जाधव, पालीच्या पुढे आमचं गाव, बौद्धवाडीतली आम्ही. पिशवीतून डबा काढला. आज परत बांगड्याचं तिखलं होतं. झाकण उघडून त्यांनी तो दारातल्या एका जुन्या बर्फाच्या पेटीवर ठेवला. "वायच खाऊन बघा."

गुणाजीने डब्याकडे बघितलं. वहिनींकडे बघितलं. खुर्चीतून उठला आणि शेडच्या मागे निघून गेला.

आम्ही तिघं उभे. रस्त्यावरून एक एसटी गेली. दीक्षाने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. वहिनींचा हात झाकणाकडे गेला. झाकण लावताना ते डब्याच्या काठावर दोनदा निसटलं. मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला की मी त्याच्यामागे जायला पाऊल उचललं.

तेवढ्यात तो आलाच. कोपरापर्यंत ओले हात झटकत. एक गोणपाट ओढलं, दारातच, रस्त्याकडे तोंड करून त्यावर मांडी घातली. "झाकण कशाला लावलंत? उघडा की. भाकरी किती हायत?"

तो जेवला. अहो, काय जेवला. भाकरी मोडून रश्शात बुडवून, काटे ओठांनी साफ करून, तिरफळं बाजूला काढून. येणारे-जाणारे बघत होते, ओळखीचे हात करत होते, हा भरल्या तोंडाने मान हलवत होता. डबा भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घेतला आणि मग म्हणाला, "मीठ वायच कमी हाय. आणि बांगडा बर्फातला."

"बर्फातलाच हाय," वहिनी म्हणाल्या. "आज बंदरावर जायला जमलं नाय."

"बर्फातल्याला एवढं तिखट घालायचं नाय. मासा मेलेला, त्याला परत कशाला मारायचं?"

इतक्या मालकांनी वास किती छान म्हणून कौतुक केलं होतं. खोड काढणारा हा पहिला. वहिनी खाली बसल्या, तिथेच, कोब्यावर, पदर तोंडाला लावून. मला आधी वाटलं रडतायत. हसत होत्या. दादा गेल्यापासून त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं. मग डोळे पुसून दीक्षाला म्हणाल्या, "जागा ठरली. आता लायसनला काय काय लागतं ते बघ."

"आई, इथे लाद्यासुद्धा नाहीत."

"लाद्या बाजारात मिळतात गो."

गुणाजी देवमाणूस वगैरे नाही, हे सांगून ठेवतो. भाड्याला असा चिवट की मला घाम फोडला, आणि रिक्षा कुठे लावायची यावरून आमचं अजून रोज वाजतं. पण वाडीतले गवंडी येऊन रात्रंदिवस राबले, वायरमन आला, दीक्षाने धावपळ करून लायसन मिळवलं, मुंबईकरांनी धुराचा मोठा पंखा पाठवला, आणि एक तारखेला पहाटे शटर वर गेलं तेव्हा आत लख्ख पांढरी लादी आणि रस्त्याकडे तोंड करून वहिनी टोपाशी उभ्या. वर बोर्ड. तुळसा राजेंद्र जाधव यांचे स्वयंपाकघर. खाली गाव आणि वाडी. तेच डब्यांच्या चिकटपट्टीवरही छापलेलं. दीक्षाने शेवटचं सांगून बघितलं होतं की डब्यावर निदान वाडी नको. वहिनींनी ऐकलं नाही.

दुपारी डबे मी कंपनीत पोचवले. संध्याकाळी रिकामे आणायला गेलो. तिथल्या कॅन्टीनवाल्याने क्रेट पुढे सरकवले, म्हणाला, सगळे खूश आहेत, आणखी भात आहे का विचारत होते. मग वेगळे ठेवलेले दोन डबे हातात दिले. जड होते.

"रजेवर होते काय?" मी विचारलं.

"नाही, कामावर होते," तो म्हणाला, आणि फडका घेऊन टेबल पुसायला लागला.

नेहमीचा मी असतो तर आत घुसून नावं काढली असती. त्या दिवशी नुसता परत निघालो. भाट्ये पुलावर रिक्षा थांबवली. दोन्ही डबे घेऊन कठड्याशी उभा राहिलो. म्हटलं, खाडीत ओतून टाकतो, डबे विसळतो, वहिनींना कळणारही नाही. पहिलाच दिवस आहे, निदान आजचा दिवस त्यांना सुखाने झोपू दे. झाकणही उघडलं. आमटीचा वास आला. आणि माझ्या मनात आलं, ज्या बाईने घरोघर जाऊन, डबा पुढे करून, लोकांचं ‘नको’ स्वतःच्या कानांनी ऐकलं, तिच्यापासून हे एवढंसं ‘नको’ लपवणारा मी कोण? तिला मी काय समजतोय? मी झाकण लावलं आणि शेडवर आलो.

वहिनींच्या हातात दिल्याबरोबर त्यांना वजनावरून कळलं. दोन्ही उघडले, हात धुतले, एक माझ्यापुढे सरकवला, एक स्वतः घेऊन बसल्या. सकाळपासून त्या जेवल्या नव्हत्या.

दीक्षा कोपऱ्यात उभी होती. "उद्या दोन कमी भरूया का?"

"कंपनीने कमी सांगितलेत?"

"नाही."

"मग? उघडायचं की नाय ते त्यांनी ठरवायचं. पाठवायचं की नाय ते मी ठरवते." आणि भात कालवून जेवू लागल्या.

इतका मोठा मी झालो, इतकी भांडणं केली, आणि असं एक वाक्य मला आयुष्यात कधी सुचलं नाही. मी खाली मान घालून सगळं संपवलं.

आता पुष्कळ महिने झाले. डब्यांवर ज्याचा त्याचा नंबर असतो, त्यामुळे कुठला डबा कसा परत आला ते कळतं. त्या दोन डब्यांतला एक पावसाळ्यात कधीतरी अर्धा रिकामा आला, मग पूर्ण यायला लागला. वहिनी तो उघडून बघतात आणि बाकीच्यांबरोबर घासायला टाकतात. दुसरा अजून भरलेलाच परत येतो. तो मी खातो. आणि रोज सकाळी त्या तो भरताना मी रिक्षा सोडून दारात उभा राहतो, उगाचच. मासळीचा चांगला तुकडा निवडून घालतात, काठाला लागलेली आमटी फडक्याने पुसतात, झाकण लावतात.